काढता येईल

“आधी तुम्ही एक घोट घ्या, मग मी पिते,” मालन म्हणाली.

कोल्हापूरच्या दवाखान्यातली तिसऱ्या मजल्यावरची खोली. तिच्या कॉटशेजारी स्टुलावर दोन लिटरचा जग भरून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिच्या आतड्यातली गाठ काढायची होती, आणि त्यासाठी आदल्या दिवशी हे औषध पिऊन पोट धुऊन काढायचं होतं. दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास.

“मी कशाला पिऊ? ऑपरेशन तुझं आहे.”

“सप्तपदीला काय म्हणाला होता?”

“मी काहीच म्हणालो नव्हतो. भटजी म्हणत होते.”

“मग भटजींना बोलवा. ते पितील.”

शेवटी मी घोट घेतला. संत्र्याची गोळी खाऱ्या पाण्यात विरघळवून ते पाणी आठवडाभर उन्हात ठेवलं तर जशी लागेल तशी चव होती. माझं तोंड बघून मालन एवढी हसली की वॉर्डातली सिस्टर धावत आली.

“काय झालं मावशी?”

“काही नाही. यांनाही बाथरूम कुठं आहे ते दाखवून ठेवा. मोठा घोट घेतलाय.”

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं नाव सदाशिव डुबल. कराडात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटरी जळून येतात, आतली जळकी तार काढून मी नवी भरतो. मालन माझी बायको. तेहतीस वर्षं सरकारी उपकेंद्रात नर्स होती. आजूबाजूच्या सात गावांत तिच्या हातावर जन्मलेली माणसं आहेत, त्यातला एक तर सरपंच झाला. तो दारात आला की ही सगळ्यांसमोर म्हणायची, “ये रे. जन्मलास तेव्हा रडायला चार मिनिटं लावली होतीस, आता भाषण थांबवायला तास लावतोस.”

माणसाची खोडी काढल्याशिवाय तिला राहवत नसे. माझी तर रोजची. त्यामुळे ती आजारी आहे हे आम्हाला कळायलाही वेळ लागला. दम लागायचा, चेहरा पांढरा पडला होता, तरी तोंड चालूच. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. दोन महिने तिनं स्वतःच लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. मग एक दिवस म्हणाली, “अहो, गावाला सांगत फिरले, संडासवाटे रक्त दिसलं की दवाखान्यात या. स्वतःची पाळी आली तर मूळव्याध म्हणून बसले. मला नोकरीवरून काढायला पाहिजे होतं.”

तोवर ती रिटायर होऊन वर्ष झालं होतं.

सांगलीला डॉ. शिकलगारांकडे गेलो. कॅन्सरचे डॉक्टर, बोलणं शांत, घाई नाही. दुर्बिणीची तपासणी झाली, स्कॅन झाला. डाव्या बाजूला मोठ्या आतड्यात गाठ होती. तिथून ती यकृतात पसरली होती, दोन्ही बाजूंना, आणि फुप्फुसातही दोन ठिपके होते. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. समोर कागद घेऊन आतड्याचं चित्र काढलं आणि म्हणाले, “हा आजार पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. पण औषधानं तो दाबून ठेवता येतो. केमो सुरू करू, येत्या सोमवारीच.”

“आणि गाठ?” मी विचारलं.

“सध्या ती अडवत नाही. दुर्बीण आरपार गेली. रक्तही फार जात नाही. ती राहू दे.”

“राहू दे?” मी खुर्चीवरून उठलोच. “डॉक्टर, सगळं जिथून सुरू झालं तेच आत ठेवायचं? मी मोटरीचं काम करतो. जळकी तार आत ठेवून वर वार्निश मारलं तर मोटर चालते का?”

“सदाशिवराव, मोटर बंद करून उघडता येते,” डॉक्टर म्हणाले. “यांना चालू ठेवूनच काम करायचंय. आणि त्रास आता एका जागी नाही. यकृतात आहे, छातीत आहे. औषध रक्तातून सगळीकडे पोचतं. सुरी एकाच ठिकाणी पोचते.”

मालन माझा सदरा ओढून मला खाली बसवत म्हणाली, “डॉक्टर, यांचं मनावर घेऊ नका. पस्तीस वर्षं मला बंद करायचं बघतायत, जमलेलं नाही.”

डॉक्टर हसले. मी नाही हसलो.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. ती जेवायला बसली की मला तिचं ताट दिसत नसे, तिच्या पोटातली गाठ दिसायची. ती खाते आणि ती गाठही खाते असं वाटायचं. दुकानात मोटर उघडायचो आणि तशीच ठेवून द्यायचो. ओळखीचा जो भेटेल त्याला विचारायचो. सगळे एकच सांगायचे, “काढून टाका. विषाची परीक्षा कशाला?” त्यातल्या एकानंही वैद्यकाचं पुस्तक उघडलेलं नव्हतं, पण मला हवं ते बोलत होते म्हणून मला ते शहाणे वाटत होते.

सोमवार आला. मी शिकलगारांना फोन करून सांगितलं की घरात कार्य आहे, पुढच्या आठवड्यात येतो. मालनला सांगितलं की डॉक्टरांनीच पुढची तारीख दिलीय. आणि तिची फाइल पिशवीत घालून एकटाच कोल्हापूरला गेलो. जाताना म्हणालो, “तांब्याची तार आणायला चाललोय.”

तिथं डॉ. नीलांबरी गोसावी नावाच्या सर्जन होत्या. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा हात चांगला, असं एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. बारीक अंगाच्या, तुटक बोलणाऱ्या बाई. त्यांनी स्कॅनची फिल्म उजेडाला धरली, दहा मिनिटं बघितली.

“काढता येईल,” त्या म्हणाल्या.

एवढं ऐकायला मी आठवडाभर फिरत होतो. त्या पुढंही बऱ्याच बोलल्या. मी मान हलवत होतो.

बाहेर आल्यावर आधी नाशिकला वृषालीला, आमच्या मुलीला फोन केला. “काढायचंय म्हणाल्या.”

“पण बाबा, शिकलगार डॉक्टर तर नको म्हणत होते ना?”

“त्यांना सुरी धरता येत नाही, म्हणून नको म्हणतात.”

घरी मालन ओट्यापाशी शेंगा निवडत बसली होती. तिलाही तेच सांगितलं. फाइल घेऊन मी कुठं गेलो होतो हे तेव्हाच उघड झालं. वाटलं, आता ही मला फाडून खाणार. तिनं शेंगांवरून नजर वर केली.

“तार मिळाली?”

“तार... नाही, राहिली.”

“बरं. कधी जायचं?”

इतक्या सहज हो म्हणाली की माझाच विश्वास बसेना. वाद नाही, टोमणा नाही. मला वाटलं, तिलाही मनातून तेच हवं होतं.

पुढच्या आठवड्यात भरती केलं. डॉ. गोसावी दोन दिवस परगावी होत्या. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, भूलतज्ज्ञ येऊन गेले, यादीत नाव लागलं. संमतीचा कागद आला. मालननं पूर्ण वाचला, सही केली आणि मला पेन देत म्हणाली, “इथं करा. जरा वाचता येईल अशी करा, नाहीतर ऑपरेशन दुसऱ्याच्या बायकोचं होईल.”

तर तो औषधाच्या जगाचा दिवस. दोन ग्लास पोटात गेले होते, तिसरा हातात होता, तेवढ्यात चारच्या सुमाराला डॉ. गोसावी राउंडला आल्या. तशाच घाईत. फाइल चाळली, मालनचं पोट दाबून बघितलं.

“दुखतं?”

“नाही.”

“उलटी? पोट फुगणं?”

“नाही. फक्त हे पाणी दिलंय तेव्हापासून माणसं माझ्याशी वाईट वागतायत असं वाटतंय.”

बाईंच्या ओठाची कड हलली. मग स्टूल ओढून त्या बसल्या. राउंडला सर्जन बसतात असं मी पाहिलं नव्हतं.

“मालनताई, तुम्ही नर्स होता ना? मग सरळ बोलते. यांना मी त्या दिवशी सांगितलं होतं. गाठ काढता येईल. पण काढल्यानं आयुष्य वाढेल असं मी सांगू शकत नाही, कारण आजार यकृतात आणि छातीत राहणारच आहे. याबाबत आमच्यातही दोन मतं आहेत, पण तुमच्यासारखा त्रास नसलेला पेशंट असला तर माझं मत आधी केमोचं आहे. जखम भरेपर्यंत केमो पाच-सहा आठवडे थांबेल. काही गुंतागुंत झाली तर आणखी. म्हणून मी म्हटलं होतं, पेशंटला घेऊन या, तिघं बोलू, मग ठरवू. तुम्ही थेट भरती झालात, म्हणजे ठरलं असं मी समजते. यांनी हे सगळं तुम्हाला सांगितलंय ना?”

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. मी त्या आवाजाकडं लक्ष लावून बसलो.

हो, बाईंनी हे सगळं मला त्या दिवशी सांगितलं होतं. एकेक शब्द. मी मान हलवत ऐकलं होतं आणि जिना उतरताना पहिले दोन शब्द सोबत घेऊन बाकीचं तिथंच ठेवून आलो होतो. मुलीला खोटं सांगितलं, बायकोला खोटं सांगितलं, आणि आता ते दोन लिटर पाणी तिला पाजत बसलो होतो.

“हो तर,” मालन म्हणाली. “सगळं सांगितलंय. घरी आल्या आल्याच सांगितलं. पाठ करूनच आले होते.”

डॉ. गोसावींनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. “मी संध्याकाळी सहापर्यंत खाली आहे,” म्हणाल्या आणि गेल्या.

खोलीत दोघंच. मालननं ग्लास उचलला, नाक दाबलं आणि तिसरा ग्लास संपवला.

“मालन.”

“काय?”

“तुला माहीत होतं?”

“काय माहीत होतं?”

“त्या काय म्हणाल्या होत्या ते.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “अहो, तेहतीस वर्षं नोकरी केली मी. डॉक्टरांची तोंडं बघून निदान सांगायचे. तुम्ही त्या दिवशी दारातून आत आलात तेव्हा आनंदाची बातमी घेऊन आलेल्या माणसासारखे दिसत नव्हता. वार्षिक परीक्षेचं प्रगतिपुस्तक लपवलेल्या पोरासारखे दिसत होता. शिकलगारांना मी दुसऱ्याच दिवशी फोन केला. त्यांनी विचारलं, कार्य कसं झालं? म्हटलं, अजून व्हायचंय.”

“आणि तरी हो म्हणालीस?”

“हो.”

“का?”

तिनं रिकामा ग्लास जगाशेजारी ठेवला.

“तुम्ही जेवत नव्हता,” ती म्हणाली. “दोन घास खायचात आणि माझ्या पोटाकडं बघत बसायचात. दुकान उघडून आत नुसते बसायचात, शेजारच्या शिंप्यानं सांगितलं मला. माझं काय होणार ते मला ठाऊक आहे. थोडं पुढं, थोडं मागं. पण मी गेल्यावर तुम्ही म्हणत राहणार, काढलं असतं तर. वीस वर्षं तेच म्हणत राहणार. मग म्हटलं, देऊन टाकू ही गाठ यांना. पाच-सहा आठवडे गेले तर गेले.”

“तुझे पाच-सहा आठवडे?”

“मग काय भटजींचे?”

ती हसली. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. अंगातून काहीतरी उतरल्यासारखं झालं, ताप उतरतो तसं. मी उठलो.

“कुठं?”

“खाली.”

“आता बसा. मी तीन ग्लास प्यायलेत. फुकट घालवू नका.”

“मालन, मला भीती वाटत होती,” मी म्हणालो. पस्तीस वर्षांत हे वाक्य मी तिला पहिल्यांदा म्हणालो असेन. “ते तुझ्या आत आहे हे मला सोसत नव्हतं. मला ते बाहेर काढून, बरणीत घालून, त्याचं तोंड बघायचं होतं. तुझ्यासाठी नव्हतं ते.”

“माहीत आहे.”

“मग आता तू हो म्हणू नकोस.”

“मी नाही म्हणायचं की तुम्ही?”

“दोघांनी.”

तिनं स्टुलावरचा जग मागं सारला. मग म्हणाली, “जा. आणि परत येताना शिकलगारांना फोन करून विचारा, कार्य उरकलंय, सोमवारी येऊ का?”

डॉ. गोसावी खाली कागद लिहीत होत्या. मी सांगितलं, ऑपरेशन नको. त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त मान वर न करता म्हणाल्या, “त्या दिवशी मी पुढं बोलले ते ऐकलं होतंत का?”

“सगळं ऐकलं होतं.”

“मग ठीक. मला वाटलं, माझंच सांगायचं चुकलं.” मग त्यांनी पेन ठेवलं. “एक लक्षात ठेवा. गाठ आत राहणार आहे. पुढं कधी तिनं आतडं बंद केलं, पोट फुगलं, उलट्या झाल्या, तर थांबायचं नाही. लगेच घेऊन यायचं.”

औषधानं आपलं काम सुरू केलेलंच होतं, त्यामुळे त्या दिवशी घरी जाणं शक्य नव्हतं. मालनच्या खेपा मोजत मी बाहेर बसलो. दर खेपेला ती दाराआडून विचारायची, “गाठ पडली का बघा हो, एखाद्या वेळेस फुकटात काम व्हायचं.” दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वाटेत पेठनाक्याजवळ तिनं गाडी थांबवायला लावली आणि दहीभाताचे दोन वाडगे खाल्ले. मी तीन खाल्ले. तिनं ते मोजले.

वृषालीला मी घरी पोचल्यावर सगळं खरं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी रजा काढून आली.

सोमवारी केमो सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी सांगली. त्या औषधानं थंड वस्तूला हात लावला की बोटांना काटे टोचल्यासारखं होतं. कराडचा मे महिना, लोक उघड्या अंगानं बसलेले आणि मालन लोकरीचे हातमोजे घालून फ्रिज उघडायची. शेजारणींना सांगायची, “आमच्या यांनी महाबळेश्वरला कधी नेलं नाही, म्हणून घरातच केलंय.” पहिले चार महिने फार थकली. मग स्कॅनमध्ये यकृतातले डाग लहान झाले. रंग परत आला. वृषालीच्या नणंदेच्या लग्नात पंगतीत वाढायला उभी राहिली आणि वराच्या मामाशी भांडली. पंधरा महिने असे गेले. ते केमोनं दिले की नशिबानं, की ऑपरेशन झालं असतं तरी मिळाले असते, ते मी सांगू शकत नाही. शिकलगारांनाही मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “एका माणसाचं कुणीच सांगू शकत नाही, सदाशिवराव.”

पंधराव्या महिन्यात एका सकाळी तिचं पोट फुगलं. दुपारपर्यंत उलट्या सुरू झाल्या. मी थांबलो नाही. संध्याकाळी डॉ. गोसावींनी पोटावर छेद घेऊन आतड्याचं तोंड बाहेर काढलं आणि मळ जमायला तिथं पिशवी लावली. गाठ त्यांनी जागीच ठेवली. आता ती काढण्यात फायदा नाही, आणि मालनच्या अंगात तेवढी ताकदही नाही, असं त्या म्हणाल्या.

शुद्धीवर आल्यावर मालननं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक.

“म्हणा एकदाचं.”

“काय?”

“मी सांगितलं होतं, काढून टाका. म्हणा. पंधरा महिने पोटात ठेवलंय तुम्ही. माझ्या गाठीपेक्षा मोठं झालं असेल.”

“नाही म्हणायचं मला.”

“खरंच?”

“खरंच नाही.”

तिनं डोळे मिटले. “मग बरं झालं,” म्हणाली.

त्यानंतर ती आठ महिने होती. शेवटचे तीन आठवडे सोडले तर बरी होती. वृषाली घरी होती, आणि शेवटी फार वेदना होऊ नयेत याची शिकलगारांनी काळजी घेतली. एका दुपारी वृषालीनं तिचे केस विंचरून दिले आणि ती झोपली, ती उठली नाही.

मला मात्र त्या आठ महिन्यांतला पहिला आठवडा जास्त आठवतो. दवाखान्यातून घरी आलो, पिशवी बदलायची वेळ झाली. दवाखान्यातल्या सिस्टरनं दोनदा दाखवलं होतं, दोन्ही वेळा मी भिंतीकडं बघत होतो. वृषाली पुढं झाली तर मालन म्हणाली, “तू नको. यांना करू दे.”

कोमट पाण्याचं भांडं, कापूस, नवी पिशवी, सगळं मांडून मी तिच्याजवळ बसलो. जुनी पिशवी हळूहळू सोडवली. पोटावर रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, लालबुंद, ओलसर असं आतड्याचं तोंड होतं. मी हात मागं घेतला.

“श्वास घ्या,” ती म्हणाली. “आतडं आहे ते, साप नाही.”

मी कापूस भिजवला आणि कडेनं पुसायला लागलो. ते आपोआप हलत होतं, अगदी किंचित, आकसायचं आणि सुटायचं. मी थांबून बघत राहिलो. ऊब लागत होती हाताला. किती वेळ बघत होतो कोण जाणे, मालन उशीवरून माझ्याकडं बघतेय हे उशिरा लक्षात आलं.

“छत्तीस वर्षांनी बायको आतून बघितली तुम्ही,” ती म्हणाली. “कशी आहे?”

“चांगली आहे,” मी म्हणालो.

“मग लावा पिशवी. सकाळी आमटी प्यायलीय मी, चादर नवी आहे.”